पडद्यावरची वाकडी रेघ

४ नोव्हेंबर

सगळा वर्ग एकदम पान उलटायचा तेव्हाचा आवाज आज सकाळी उगाच आठवला. "पुढची कविता काढा" म्हटलं की कौलावरची कबुतरं एकाच वेळी उडावीत तसा फडफडाट व्हायचा, मग क्षणभर अगदी शांत. त्या शांततेत मी पहिली ओळ म्हणायचो. निवृत्त होऊन जमाना झाला. बदल्या, तपासणीला येणारे साहेब, मुख्याध्यापकांच्या कुरबुरी, सगळं विसरलो. तो फडफडाट तेवढा कानात राहिला.

आता पान उलटायचं काम उरलेलं नाही. पुस्तकातल्या अक्षरांच्या मुंग्या झाल्या. उजवा डोळा कधीपासून नावालाच आहे, त्यातून नुसतं धुकं दिसतं. वाचन सगळं डाव्याच्या जिवावर, आणि डाव्याला संगणक लागतो. संगणकावर अक्षर बोराएवढं करता येतं, लिंबाएवढं करता येतं. शाळेत शिकवलेल्या कविता मी एकेक करून त्यात उतरवून ठेवल्यात आणि रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. हे यंत्र बंद पडलं तर माझं वाचन संपलं. असलं मी कोणाला बोलून दाखवत नाही, वहीत लिहायला हरकत नाही.

संगणकातल्या जुन्या प्रणालीला तिच्या कंपनीने रामराम ठोकला. "यापुढे सुरक्षा मिळणार नाही" ही पाटी रोज डोळ्यांसमोर नाचायची. चिरंजीव परगावाहून फोनवर म्हणाले, "बाबा, भंगारात द्या तो डबा. मोबाईलवर वाचा की!" मोबाईलवर! विहिरीत वाकून तळाचं नाणं वाचावं तसं ते. शेवटी आपल्याच शहरातल्या एका मंडळाचा पत्ता लागला. ही मंडळी फुकट मिळणारी नवी प्रणाली वापरतात आणि नवख्यांना संकेतस्थळावरून मदत करतात. त्यांच्या सूचना वाचत वाचत आज मी स्वतःच्या हाताने नवी प्रणाली बसवली. पट्टी पुढे सरकत सरकत गेली आणि "अभिनंदन, आता संगणक पुन्हा सुरू करा" असं आलं. मी हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, "पास झालात म्हणजे!"

पुन्हा सुरू केला. चिन्ह आलं, गोल फिरला, आणि पडदा काळा.

५ नोव्हेंबर

काळाच.

बंद टीव्हीचा काळा वेगळा. या काळ्याच्या आत उजेड आहे. कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ उघडमीट करते, जणू कोणीतरी आत कोंडलंय आणि पापणी हलवून सांगतंय. बटण दाबून बंद केला, पुन्हा लावला. चिन्ह, गोल, काळा.

"चांगला चालत होता ना?" ही दारातून म्हणाली. "कोणी सांगितलं होतं पोट फाडायला?"

"सुरक्षा नव्हती त्याला."

"आता आहे सुरक्षा! कोणी काही बघूच शकत नाही."

हसायला हवं होतं. हसू आलं नाही. कविता पेनड्राइव्हवर आहेत, त्या कुठे जात नाहीत. पण बोराएवढं अक्षर दाखवणार कोण? काळ्याकडे बघत बसलो आणि आक्का आठवली. आमची सगळ्यांत थोरली बहीण. शेवटची वर्षं तिला काही दिसायचं नाही. मी सुट्टीत गेलो की तिला कविता वाचून दाखवायचो, आणि ती मध्येच म्हणायची, "जरा थांब, मला ती ओळ बघू दे." बघू दे, म्हणायची. मी थांबायचो.

मंडळाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून अर्ज टाकला. अर्धी अक्षरं भलतीच पडली.

६ नोव्हेंबर

उत्तर आलं. तिथे सगळ्यांना टोपणनावं असतात, आणि म्हातारा नवखा दिसला की सगळेच त्याला काका म्हणतात. मला उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव रफू. फाटलेलं सांधणारा असेल. मी मनात त्याला रफूराव म्हणतो. विशीतलं, केस विस्कटलेलं पोरगं डोळ्यांसमोर येतं. लिहिणं मात्र तोलून-मापून, स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

"काका, घाबरू नका. संगणक ठीक आहे, नव्या प्रणालीला तुमचं चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड नीट ओळखता आलेलं नाही. सुरू करताना एस्केपचं बटण दाबत राहा. यादी येईल. तिथे ई दाबा. एक लांबलचक ओळ दिसेल, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ-दहा दाबा. म्हणजे कार्डाला सुरुवातीलाच जास्त शहाणपण करता येणार नाही, ते साधं चित्र दाखवेल."

नोमोडसेट! लघुगुरू लावून बघितले, कुठल्याच वृत्तात बसेना. ही म्हणाली, "मंत्र मिळाला वाटतं." यादी दोनदा हातची निसटली. तिसऱ्यांदा सापडली. मंत्र टाकला, एफ-दहा दाबलं, डोळे मिटून घेतले.

"अहो, उघडा डोळे. आलं."

आलं होतं. चित्र ओबडधोबड, अक्षरं वीटकाम केल्यासारखी, पण आलं होतं. जीव भांड्यात पडला. हिच्यासमोर डोळे पाणावले, तर म्हणाली, "जरा पुसा, उगाच संगणकावर सांडाल."

८ नोव्हेंबर

मंत्र कायमचा उपाय नव्हे, असं रफूराव म्हणतात. कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसवायला हवा. आज बसवला. हिने विचारलं, "ड्रायव्हर मिळाला का?" मी म्हणालो, मिळाला. "मग गाडी कधी निघणार?"

पुन्हा सुरू केला. चिन्ह, गोल, आणि मग थेट पडदा, मंत्राशिवाय! चित्र इतकं लख्ख की मागच्या भिंतीवरचे पोपडे त्याच्या उजेडात दिसायला लागले. कवितांची फाइल उघडली, अक्षर लिंबाएवढं केलं.

पण एक खोड राहिली आहे. ओळीखाली मी एक आडवी रेघ मारून ठेवतो, शाळेची सवय. ती रेघ मध्येच वर उचललेली दिसते, जणू कोणी खालून बोट घालून ताणली आहे. आणि शब्दाच्या मधलं अक्षर पुसट होतं. "पाऊलवाट" मधला "ल" दिसेना. थोडं बाजूला बघितलं की दिसतो.

ड्रायव्हरच अर्धवट बसला असणार. रफूरावांना लिहिलं.

१० नोव्हेंबर

रफूरावांनी सांगितलेलं सगळं केलं. पडद्याचा आकार बदलला, ठोके बदलले (सेकंदाला किती वेळा चित्र नवं होतं त्याला मी ठोके म्हणतो), दुसरा ड्रायव्हर लावून बघितला. रेघ तशीच.

मग ते म्हणाले, स्क्रीनशॉट पाठवा. म्हणजे पडद्यावर जे आहे त्याचं जसंच्या तसं चित्र. पाठवलं. उत्तर आलं, "काका, रेघ सरळ आहे. म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही. आता केबल आणि मॉनिटर तपासा."

समोरच्या बिऱ्हाडातल्या दंतवैद्यांकडे एक मॉनिटर पडून होता, तो मागून आणला. दंतवैद्य स्वतः उचलून घेऊन आले. "मास्तर, मूळ दुखणं कुठे आहे ते आधी बघायचं. आमच्याकडेही माणूस वरचा दात दाखवतो, कीड खालच्याला असते." केबल बदलली, मॉनिटर बदलला. रेघ तिथेही वर आलेली.

"तुम्हाला दिसतेय ना?" मी विचारलं.

दंतवैद्य पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "मला या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हो मास्तर," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

दोन मॉनिटरना एकच रोग! हा रोग पसरतो की काय?

११ नोव्हेंबर

पसरतो. आज खात्री झाली.

रफूराव म्हणाले, मोबाईलने मॉनिटरचाच फोटो काढून पाठवा. काढला. फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला तर रेघ त्यातही वाकलेली, मध्ये तोच पुसट डाग. म्हणजे संगणकातून ते मोबाईलमध्येही शिरलं! घाईघाईने मोबाईल बंद करणार होतो, तेवढ्यात उत्तर.

"काका, या फोटोतही रेघ सरळ आहे."

मला वेड्यात काढतोय हा पोरगा. समोर धडधडीत वाकलेली रेघ आणि म्हणे सरळ. वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. मी लिहिलं, "आपण थट्टा करीत असाल तर तसे स्पष्ट कळवावे."

उत्तर आलं.

"थट्टा नाही. काका, एक काम करा. संगणक बंद ठेवा. खिडकीशी उभे राहा आणि गजांकडे बघा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. काय दिसतं ते लिहा. आणि घरात आणखी कोण आहे?"

खिडकी! मी ग्राफिक्स कार्डाचं विचारतोय आणि हा खिडकीचं सांगतोय. घरात कोण आहे याच्याशी त्याला काय करायचंय? मोबाईल बंद करून कपाटाच्या खणात, कपड्यांखाली ठेवून दिला. आता मदत नको कोणाची.

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१५ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. कप फुटला, ते काय लिहायचं? बशीवर ठेवला असं मला वाटलं, तो बशीच्या बाहेर होता. ही काही बोलली नाही. हिने न बोलणं हेच मला विचित्र वाटलं. एरवी चमचा पडला तरी ही माझ्या सात पिढ्या काढते.

म्हणाली एवढंच, "वहीत तुमच्या ओळी एकमेकींवर चढतायत हल्ली. बघितलं मी."

"माझी वही वाचतेस?"

"वाचता येत नाही म्हणून तर सांगतेय."

एक गोष्ट लक्षात आली. हिच्याशी बोलताना मी हिच्या कानाकडे बघतो. सरळ चेहऱ्याकडे बघितलं की तोंडाच्या जागी धुरकट ठिपका येतो, आणि कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो, हसतेय की रागावलीय ते कळतं. सवय लागली आहे एकेक. आक्काही अशीच बोलायची. समोर बसलेल्याला सोडून त्याच्या खांद्यापलीकडच्या कोणाशी तरी बोलते आहे असं वाटायचं. आम्हाला वाटायचं, ही आपल्यावर रागावलीय.

हे का लिहिलं कोण जाणे. उजेड कमी होता खोलीत.

१६ नोव्हेंबर

लिहायचं नाही ठरवलं होतं, पण आज गंमत झाली.

सकाळी खिडकी उघडायला गेलो आणि नजर गजांवर गेली. मधले दोन गज बाहेरच्या बाजूला फुगलेले. पण इमारत जुनी, लोखंड गंजतं, वाकतं. हिला हाक मारली. मन घट्ट करून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, हे गज वाकलेत का?"

ही आली. गजांकडे बघितलं. मी हिच्या कानाकडे बघत होतो म्हणून कळलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हो," म्हणाली. "वाकलेत जरा."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. लोहाराला सांगू आपण."

केवढा भार उतरला! तिथल्या तिथे हिला खुर्चीत बसवलं, एक जुनी कविता पाठ म्हणून दाखवली, चालीसकट. ही मध्ये एकदाही बोलली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाली, "छान म्हणता अजून," आणि पदराने नाक पुसत आत गेली. पडसं झालंय बहुतेक.

दुपारी स्वयंपाकघरात ही फोनवर कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती. "नाही, नाही म्हणतात... हो, डावा... नाही, मी खोटंच सांगितलं, काय करणार?" मी आत गेलो तर गप्प. "कोण गं?" म्हटलं. "राँग नंबर."

चिरंजीवांशीच बोलत असणार. दोघांचं मिळून संगणक विकायचं घाटतंय.

१७ नोव्हेंबर

आज सगळं लिहून टाकतो. अक्षर वाचता येईल का माहीत नाही.

खणात ठेवलेला मोबाईल बघायला गेलो, खण रिकामा. मोबाईल हिच्या उशाशी होता, चालू. रफूचे निरोप आलेले, मी न वाचलेले. अक्षर मोठं करत करत, बाजूने बघत बघत एक वाचला. "काका, कृपा करून एक-एक डोळा झाकून बघा. मग माझ्यावर रागवा."

म्हणून खिडकीशी गेलो. भर दुपारचं लख्ख ऊन. आधी उजवा झाकला, आणि डाव्याने, माझ्या शहाण्या, वाचणाऱ्या डोळ्याने बघितलं. गज फुगलेले. मग डावा झाकला. उजव्यातून नेहमीचं धुकं. आणि त्या धुक्यात गज सरळ होते. पट्टीने आखल्यासारखे सरळ, सगळेच्या सगळे.

पुन्हा बघितलं. पुन्हा. दाराची चौकट, कपाटाची कड, वहीची ओळ. धुक्यात सगळं सरळ, उजेडात सगळं वाकडं.

म्हणजे गज वाकलेले नाहीत. ही खोटं बोलली. ड्रायव्हर नीट बसला होता, दंतवैद्यांचा मॉनिटर ठीक होता, मोबाईलला काही झालेलं नव्हतं. मी चांगल्याभल्या यंत्राला एवढे दिवस औषध पाजत बसलो.

आता इथे खुर्चीत बसलोय आणि उठायची छाती होत नाही. डॉक्टर आहेत या शहरात, चांगले आहेत. आक्कालाही चांगलेच डॉक्टर होते. भिंग लावून बराच वेळ बघितलं, मग खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलायला लागले. त्या सरकलेल्या खुर्चीला मी भितो. निकाल लागेपर्यंत कोणी नापास नसतं, हे मी पोरांना धीर द्यायला सांगायचो. आज स्वतःला सांगतोय. गेलोच नाही, तर कोणी सांगणारही नाही. थोडं बाजूने बघत वाचेन. "ल" दिसला नाही तर पाठ आहे मला, पाऊलवाटेत "ल" असतो. कविता पाठ आहेत. पण नवी कविता? अजून न वाचलेली? ती कुठून पाठ असणार?

हिला काय सांगू? ती खोटं बोलली हे मला कळलं, हे तिला कळता कामा नये. तिने केवढ्या पटकन "हो" म्हटलं. एवढ्या पटकन माणूस तेव्हाच बोलतो, जेव्हा बरेच दिवस

बेल वाजली.

दूधवाल्याची वेळ नाही. दंतवैद्य मॉनिटर न्यायला आले असतील. ही दाराशी गेली. ऐकू येतंय ते लिहितो, लिहीत राहिलो की धीर राहतो.

बाईमाणसाचा आवाज. वयस्कर, दम लागलेला. जिने चढून आलेली दिसतेय. "सापडलं हो घर. तुम्ही सांगितलेल्या वळणावरूनच आले."

ही म्हणतेय, "या, या. त्यांना माहीत नाही अजून. आत बसलेत, वही घेऊन."

"बसू देत. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलून ठेवलंय, आज शेवटी घेतो म्हणालेत. हे लवकर सापडलं तर इंजेक्शनने थांबतं, माझा एक डोळा वाचलाय. पण दिवस घालवायचे नाहीत, मी दुसऱ्याच्या बाबतीत तेच केलं."

कोण आहे ही? हिची मैत्रीण म्हणावी, तर मला सगळ्या मैत्रिणी माहीत आहेत.

पावलं इकडे येतायत. दारात उभी आहे. पिकलेले केस, मोठा काळा चष्मा, खांद्याला पिशवी. तिच्या मागे ही, बाहेर जायच्या चपला पायात, माझा बाहेरचा चष्मा हातात.

मी विचारलं, "संगणक बघायला आलात का?"

"तो चांगला आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या. "मी रफू. चला, वही तशीच उघडी राहू द्या."